गावरान कोंबडी-अंडी घेताना काय बघायचं, काय विचारायचं

हायवेच्या कडेला 'गावरान अंडी' अशी पाटी लावून टेम्पो उभा असतो. आत ३० अंड्यांचे १० ट्रे. उद्याही तेवढेच, परवाही तेवढेच. जरा हिशेब मांडून बघा. परसातली देशी कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडी देते, आपण ६० धरू. रोजची ३०० म्हणजे वर्षाची १,०९,५०० अंडी. त्याला १,८०० च्या वर कोंबड्या लागतात. एका घरी ८ कोंबड्या धरल्या तर सव्वादोनशे घरं झाली. त्या सव्वादोनशे घरांतल्या पोराबाळांनी वर्षभर एकही अंडं खायचं नाही आणि एकही कोंबडी अंड्यांवर बसवायची नाही, तेव्हा कुठे हा एक टेम्पो भरेल. असं गाव मी तरी पाहिलेलं नाही.

मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी बहुतेक साताऱ्याकडच्या खटाव-माण पट्ट्यात गेली. लोक डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण पिल्लांच्या डोळ्यात लासोटाचे, म्हणजे मानमोडी रोगावरच्या लसीचे थेंब टाकणं, शेळ्यांना लस टोचणं, मेलेल्या जनावरांचे पंचनामे करणं यात आयुष्य गेलं. आता मुलगा-सून पुण्यात असतात आणि सूनबाई दुकानातून व्हिडिओ कॉल करून कोंबडी कॅमेऱ्यासमोर धरते. "आप्पा, ही खरी का?" कोंबडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही, हे तिला किती वेळा सांगितलं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो, तिच्या मैत्रिणींनाही उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. शहरातल्या माणसानं शुद्ध गावरान जातीचा हट्ट सोडावा. कोंबडी किती महिन्यांची आहे, मातीवर फिरली का आणि तिनं काय खाल्लं, या तीन गोष्टी कळल्या की पुरे. रक्त कुठलं का असेना.

वेळेचा हिशेब

ब्रॉयलर, आमच्याकडे बॉयलरच म्हणतात, ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास जातो. किलोभर वजन वाढायला त्याला दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेतकऱ्याचं शेड, वीजबिल आणि राबणं, आणि त्याला किलोमागे संगोपनाचे पैसे. एक बॅच गेली की शेड धुऊन, चुना मारून दुसरी. वर्षात पाच-सहा बॅच निघतात.

देशी कोंबडा सव्वा-दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो. म्हणजे त्याच जागेत वर्षाला दोन बॅच. विकतचं खाद्य घालून वाढवला तर किलोमागे ब्रॉयलरच्या दुपटीहून जास्त खाद्य खातो, कारण दिवसभर पळतो, भांडतो, उकरतो. दोन्ही हिशेब एकत्र धरले की गावरानचा भाव ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट का असतो ते कळतं. त्यामुळे 'गावरान' पाटीखाली ब्रॉयलरपेक्षा थोडाच जास्त भाव दिसला तर आनंद मानू नका. पाच महिने कुणीतरी फुकट सांभाळली, असं होत नाही.

ब्रॉयलर म्हणजे विष, असं मात्र मी म्हणणार नाही. गरिबाच्या ताटात दर रविवारी कोंबडी आली ती त्याच्यामुळे. आमच्या लहानपणी कोंबडी कापली जायची ती पाहुणा आला तर, नाहीतर कोंबडी आजारी पडली तर.

त्या पाटीमागे कोण कोण असतं

पहिली खरी देशी. घरच्याच कोंबडीनं २१ दिवस अंड्यांवर बसून काढलेली. एका खेपेला १२-१५ अंडी घालते, मग खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. वर्षात अशा काही खेपा. दहा पिल्लं निघाली तर घार, मुंगूस आणि शेजाऱ्याचं मांजर यांचा वाटा जाऊन निम्मी उरली तरी मालकीण खूश.

दुसऱ्या सुधारित जाती. गिरिराज ही बंगळूरच्या विद्यापीठाची, वनराजा आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या. खासगी हॅचऱ्यांच्याही बऱ्याच आहेत. या परसात पाळण्यासाठीच काढल्या. रंगीबेरंगी पिसं, वाढ देशीपेक्षा लवकर, अंडी वर्षाला शे-दीडशे. मोकळ्यावर वाढलेली चार महिन्यांची गिरिराज ही माझ्या दृष्टीनं शहरातल्या घरासाठी सगळ्यात शहाणपणाची खरेदी. तीच जर शेडमध्ये कोंडून, कंपनीच्या खाद्यावर दोन-अडीच महिन्यांत काढली असेल, तर तुम्ही रंगीत ब्रॉयलरच घेताय.

तिसरी अंड्यावरची, जिला दुकानदार 'इंग्लिश' म्हणतात. ही लेअर फार्मची. वर्षाला ३०० च्या वर अंडी देते, दीडेक वर्षाची झाली की अंडी कमी होतात आणि मग मांसाला विकली जाते. पांढरी असेल तर कुणीही ओळखतं. तपकिरी जातीची असेल तर सरळ गावरान म्हणून खपते, आणि मांस चिवट लागतं म्हणून गिऱ्हाईकाची खात्रीही पटते! पिंजऱ्यात तिला वहीच्या पानापेक्षा कमी जागा मिळालेली असते. जमीन तिनं पायाखाली कधी पाहिलेलीच नसते.

कडकनाथ वेगळी. मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडंसुद्धा काळी. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं, तेव्हा काळं अंडं दाखवणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. तिच्या औषधी गुणांबद्दल जे काही व्हॉट्सअपवर फिरतं, त्यावर मी बोलत नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे याच कोंबडीच्या नावानं शेतकऱ्यांचे किती पैसे बुडाले ते आम्ही जवळून पाहिलंय.

कोंबडी हातात घेतल्यावर

पिसांचा रंग सोडा, सगळ्यांत आधी पाय बघा. उकरून खाणाऱ्या कोंबडीचे पाय बारीक, खवले खडबडीत, नखं झिजलेली. पिवळे असतील, करडे असतील, काळपट असतील, रंगाला महत्त्व नाही. ब्रॉयलरचे पाय जाड, मऊ, फिकट आणि तळवे भुश्यावर बसून बसून खराब झालेले. पिंजऱ्यातल्या लेअरची नखं उलट लांब वाढलेली असतात, कारण झिजवायला मातीच नाही.

मग चोच. गर्दीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचून रक्त काढतात, म्हणून फार्मवर लहानपणीच चोच कापतात. वरची चोच बोथट, पुढून सपाट दिसली, तर ती कुठेतरी गर्दीत वाढलेली आहे. विकणारा काहीही म्हणू दे. वस्तीवरची मावशी कोंबडीची चोच कशाला कापील? किडे वेचून खायला तीच तर लागते.

छातीच्या हाडाचं मागचं टोक बोटानं दाबा. मऊ, लवचीक असेल तर कोवळी. टणक असेल तर वय झालेलं. कोंबड्याच्या पायामागची आर बघा. नुसता फुगवटा असेल तर तरुण, बोटाच्या पेरापर्यंत वाढली असेल तर शिजवायला दुपार जाईल. गळ्याखाली अन्नाची पिशवी असते ती चाचपा. टम्म असेल तर सकाळी मका कोंबलाय, आणि त्या मक्याचे पैसे तुम्ही कोंबडीच्या भावानं देणार.

दुकानाच्या जाळीत दहा 'गावरान' आहेत आणि दहाही एका वजनाच्या, एका वयाच्या असतील तर त्या उबवणीच्या एका मशीनमधून एका दिवशी निघाल्यात. खेड्यातून गोळा केलेल्या कोंबड्या एकसारख्या कधीच नसतात. एक तलंग म्हणजे तरुण कोंबडी, एक म्हातारी, दोन कोंबडे, एकाचं शेपूट गायब, असा सगळा कारभार.

आजारी कोंबडी तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पंख गाळून बसलेली, डोळे मिटून पेंगणारी, तुरा काळवंडलेला, मागचा भाग हिरव्या-पांढऱ्या हगवणीनं माखलेला, मान वाकडी, यातलं काहीही दिसलं की सोडा. उन्हाळ्यात मानमोडी आली की गावात भीतीनं कोंबड्या मिळेल त्या भावात विकतात. एकदम स्वस्ताई आली की तिचं कारण विचारायला विसरू नका.

आणि पक्की खूण हवी असेल तर ती कापल्यावर मिळते. कलेजीबरोबर पेटा, म्हणजे दाणे भरडणारी पोटातली पिशवी, देतात ना, तो दुकानदाराला तुमच्यासमोर चिरायला सांगा. मोकळी फिरलेली असेल तर त्याची भिंत जाड, घट्ट, आणि आत खडे, वाळू, गवताचे तुकडे, कधी किड्याचे पंख निघतात. शेडमधल्या पक्ष्याचा पेटा मऊ आणि आत नुसता खाद्याचा लगदा. पैसे देऊन झाल्यावर कळून काय उपयोग, असं सूनबाई म्हणाली. पुढच्या वेळी त्या दुकानात जायचं की नाही ते तर कळलं! दुकानदारालाही कळतं की हे गिऱ्हाईक पेटा बघतं.

अंडी

अंड्यांत फसवणूक सोपी, म्हणून इथे जरा थांबतो.

कवचाचा रंग जातीवर ठरतो, खाण्यावर किंवा फिरण्यावर नाही. पिंजऱ्यातली तपकिरी लेअर सुंदर तपकिरी अंडी देते, सुपरमार्केटच्या देखण्या खोक्यात बहुतेक तीच असतात. आमच्याकडच्या देशी अंड्याचा रंग फिकट बदामी, कधी जवळजवळ पांढरा. पांढऱ्या अंड्यांना चहाच्या पाण्यात बुडवून 'गावरान' करणारेही आहेत. व्हिनेगर लावून रंग जातो का बघा, असा एक उपाय सगळीकडे सांगतात. तो भरवशाचा नाही, कारण नैसर्गिक तपकिरी रंगही कवचाच्या वरच्या थरातच असतो आणि आंबट लागलं की तोही निघतो. त्यापेक्षा ट्रेभर अंडी एकत्र बघा. सगळी एका छटेची, एका मापाची असतील तर ती कुठल्या तरी फार्मची आहेत. देशी अंडं ३५ ते ४५ ग्रॅमचं, फार्मचं ५२ ते ६०. देशींच्या ट्रेमध्ये एक लांबट, एक गोल, एक गोटीएवढं, एकावर पांढरे ठिपके, असं असतं.

बलक गडद म्हणजे अस्सल, हाही गैरसमज. बलकाचा रंग हिरव्या चाऱ्यातून, मक्यातून येतो. फार्मवाले खाद्यात झेंडूचा अर्क घालून पाहिजे तेवढा केशरी बलक काढू शकतात. उलट, ऐन उन्हाळ्यात माणमधल्या कोंबडीला हिरवी काडी मिळत नाही, ज्वारीच्या कण्या आणि उष्टं खाते, तिचा बलक फिकट असतो. पावसाळ्यात तीच कोंबडी गवतात फिरायला लागली की बलकाचा रंग चढतो. ऋतूप्रमाणे रंग बदलत गेला तर मला जास्त विश्वास वाटतो. बारा महिने एकसारखा केशरी असला की मी खाद्याची गोणी शोधतो.

ताजेपणा बघायला पाण्यात टाकायची जुनी पद्धत उत्तम. आडवं तळाशी बसलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, लवकर संपवा. तरंगलं तर फेकून द्या. खेड्यातल्या अंड्यांचा हा मोठा दोष असतो: मावशी आठवडाभर साठवते, मग बाजाराच्या दिवशी विकते. त्यात तिच्या अंगणात कोंबडा असतो, म्हणजे अंडी फलित. उन्हाळ्यात घराच्या उबेवरच आत पिल्लू धरायला सुरुवात होते. मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा; आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर खाण्याचं नाही. बलकावर रक्ताचा एखादा ठिपका मात्र काही वाईट नसतो, चमच्यानं काढून टाका. मार्च ते जूनमध्ये गावरान अंडी आणली की ओट्यावर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये. वर मळ लागला असेल तर धुऊन साठवू नका, वापरायच्या आधी धुवा. धुतल्यानं कवचावरचा संरक्षक थर जातो आणि अंडं लवकर बिघडतं.

प्रथिनांसाठी महाग अंडी घेत असाल तर पैसे वाया चाललेत. देशी अंडं लहान, त्यात प्रथिनंही तेवढी कमी. चव, कोंबडीचं जगणं आणि वस्तीवरच्या बाईच्या हातात जाणारे पैसे, या कारणांसाठी घ्या. भाव ठरवताना एक लक्षात असू द्या: फार्मच्या अंड्याचा भाव रोज राष्ट्रीय अंडी समन्वय समिती जाहीर करते, १९८२ साली सुरू झालेली ही समिती पुण्याचीच. गावरानला असा जाहीर भाव नाही. तो तुमच्या आणि मावशीच्या बोलण्यात ठरतो. तेव्हा पाच रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस नको.

विकणाऱ्याला काय विचारायचं

"गावरानच आहे ना?" हा प्रश्न विचारूच नका, त्याला एकच उत्तर असतं. पिल्लं घरची की हॅचरीची, हे विचारा. हॅचरीची असली तरी हरकत नाही, पण उत्तर पटकन येतं का बघा. सध्या किती कोंबड्या आहेत? रात्री कुठे कोंडता? सकाळी काय टाकता? खाद्य गोणीतलं असेल तर कितव्या महिन्यापर्यंत? मानमोडीची लस कधी दिली? शेवटचं औषध कधी पाजलं? पाळणारा माणूस याची उत्तरं देता देता तुम्हाला त्याच्या कोंबड्यांची गाऱ्हाणी ऐकवायला लागतो. मुंगसानं किती नेल्या, कुठली कुठे अंडी घालते. आणून विकणारा "एकदम ओरिजिनल माल" यापलीकडे जात नाही.

आणि जो कधीतरी "आज नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो त्याचा नंबर जपून ठेवा.

पाकिटावरचे शब्दही नीट वाचा. 'फार्म फ्रेश' म्हणजे फार्मवरून आलं एवढंच, सगळंच फार्मवरून येतं. कोंबडीच्या मांसात प्रतिजैविकांचे अवशेष नाहीत असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ कापण्याआधी पुरेसे दिवस औषध बंद ठेवलं. कधी दिलंच नाही असा अर्थ होत नाही. सेंद्रिय म्हणून विकत असतील तर 'जैविक भारत'चं चिन्ह आणि प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का बघा. बाकी हिरव्या शेतात पळणारी कोंबडी चित्रकारानं काढलेली असते.

औषधांची भीती: कुठली खरी, कुठली खोटी

ब्रॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवतात, हे मला आजही लोक ठासून सांगतात. एका शेडमध्ये पाच हजार पक्षी असतात. एकेकाला धरून इंजेक्शन द्यायला माणसं कुठून आणायची, आणि तो खर्च परवडणार कुणाला? ब्रॉयलर लवकर वाढतो तो पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेल्या जातीमुळे आणि मोजूनमापून दिलेल्या खाद्यामुळे.

प्रतिजैविकांची काळजी मात्र खरी आहे. गर्दीत रोग आला तर शेड जातं, म्हणून रोग यायच्या आधीच पाण्यातून औषध पाजायची सवय लागली. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते माणसालाही भोवतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. ते कोंबड्यांना आणि खाण्याच्या इतर जनावरांना द्यायला केंद्र सरकारनं २०१९ साली बंदी घातली. प्रत्येक औषधाच्या बाटलीवर ते बंद केल्यावर किती दिवसांनी मांस किंवा अंडी वापरायची ते छापलेलं असतं. पाळणाऱ्याला तो आकडा माहीत असेल तर तो काळजीनं पाळतो असं समजा.

लस आणि औषध यात गल्लत करू नका. "आम्ही काहीच टोचत नाही, सगळं नैसर्गिक" असं अभिमानानं सांगणाऱ्याकडून मी कोंबडी घेणार नाही. लासोटा दिली नाही तर मानमोडीत एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं.

खेड्यातलं म्हणून सगळं स्वच्छ, असंही नाही. गटाराच्या कडेनं, उकिरड्यावर फिरणारी कोंबडी उकिरड्यावरचंच खाते. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं बी वेचून कोंबड्या मेलेल्या मी पाहिल्यात. कोंबडी सुकली की मेडिकलमधून माणसाची कॅप्सूल आणून पाण्यात कालवणारेही आहेत. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, तेव्हा फार्मबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. म्हणून जमलं तर एकदा प्रत्यक्ष जागा बघून या. रानात, बांधावर, गोठ्याच्या आसपास फिरणारी चांगली. अंडं गावरान असलं तरी कच्चं पिऊ नका, आणि कोंबडी हाताळल्यावर हात व पाट साबणानं धुवा.

मटणाबद्दल थोडक्यात: तिथे ही डोकेदुखी बरीच कमी. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी, जत भागातलं माडग्याळ मेंढरू ही मुख्यतः चरूनच वाढतात. सगळं फिरून झाल्यावरही खात्रीची कोंबडी मिळाली नाही, तर नेहमीच्या खाटकाकडून अर्धा किलो मटण घ्या.

परवडायचं कसं

दर रविवारी गावरान परवडत नाही आणि तेवढी पिकतही नाही. महिन्यातून एकदा आणा. दीड किलोच्या जिवंत कोंबड्यातून साधारण किलोभर मांस मिळतं, हे धरून भाव करा.

कोंबडी मागू नका, कोंबडा मागा. पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात आणि मावशीला अंगणात एक-दोनच हवे असतात. बाकीचे पाच-सहा महिन्यांचे झाले की भांडायला लागतात, तेव्हा ते घालवायचेच असतात. अंड्यावरची तलंग मागितली तर ती भाव चढवणार, तिचंही बरोबर आहे.

आखाडात, गटारीच्या आदल्या दिवशी गावरान शोधायला निघू नका. त्या आठवड्यात अख्ख्या महाराष्ट्राला गावरान हवी असते, आणि तपकिरी इंग्लिश सगळ्यांत जास्त खपते ती तेव्हाच. पौष-माघात अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीची पिल्लं आषाढात पाच महिन्यांची होतात. होळीच्या सुमारास फोन करून दोन कोंबडे सांगून ठेवा, जमलं तर थोडे पैसे आगाऊ द्या. चार घरांनी मिळून सांगितलं तर मावशीचा पोरगा एसटीनं किंवा दुधाच्या गाडीबरोबर पोचवतोसुद्धा.

आणि शिजवताना

गावरान आणून ब्रॉयलरसारखी शिजवली आणि "चिवट आहे" म्हणून नाव ठेवलं, असं फार घरांत होतं. पिसं काढल्यावर कोंबडी जाळावर फिरवून बारीक लव जाळायला सांगा आणि कातडी ठेवा. रश्श्याची चव तिच्यात असते. दुकानात मशीनमध्ये टाकून कातडी सोलली तर निम्मे पैसे तिथेच गेले.

कापल्यावर तासाभराच्या आत चुलीवर चढवा, नाहीतर हळद-मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मधल्या वेळात मांस आखडलेलं असतं, ते लवकर शिजत नाही. तुकडे ब्रॉयलरपेक्षा लहान करा. तेलात कांदा, आलं-लसूण, हळद आणि मीठ घालून मांस चांगलं परता, वर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ठेवा. मंद आचेवर अंगच्या पाण्यात शिजू द्या, आणि लागेल तसं ताटातलंच गरम पाणी आत सोडा. थंड पाणी कधीही ओतू नका. सहा महिन्यांच्या कोंबड्याला पातेल्यात पाऊण ते एक तास लागतो. वर्षाच्या पुढच्या कोंबडीला दीड तास सहज. घाई असेल तर कुकर, पाच-सहा शिट्ट्या, पण परतून झाल्यावर. मसाला घालायच्या आधी अळणी पाणी वाटीभर बाजूला काढा, पोरांना आणि आजाऱ्याला ते द्या.

छातीचं हाड टणक लागलं होतं ती कोंबडी सुक्यासाठी घेऊच नका. तिचा रस्सा करा, आणि घरात माणसं कमी असतील तर थोडा दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या भाकरीसाठी झाकून ठेवा.